जोड कुणाशी लावायची?

कीव, ५ डिसेंबर १९९८. अटलांटा ऑलिंपिकचा सुवर्णपदकविजेता व्लादिमिर क्लिच्को आपल्या लोकांसमोर रिंगमध्ये उतरला तेव्हा त्याच्या नावावर २४ लढती आणि २४ विजय होते. वय बावीस, उंची साडेसहा फूट. समोरचा अमेरिकन रॉस प्युरिटी तोवर तेरा वेळा हरलेला होता. सुरुवातीच्या फेऱ्यांत प्युरिटीने भरपूर मार खाल्ला, पण तो पडला नाही. क्लिच्को मारत राहिला आणि मारता मारता दमला. अकराव्या फेरीपर्यंत त्याच्या अंगात स्वतःचा बचाव करण्याइतकंही त्राण उरलं नाही आणि लढत थांबवावी लागली.

प्युरिटीकडे तंत्राचं मोठं भांडवल नव्हतं. त्याने जणू एकच प्रश्न विचारला: मी पडलोच नाही, तर तू काय करशील? आधीच्या चोवीस जणांपैकी कुणीही तो इतक्या नेटाने विचारला नव्हता. हेवीवेट बॉक्सरची कारकीर्द अशा प्रश्नांमधून घडते, आणि कोणता प्रश्न कधी समोर येऊ द्यायचा हे प्रतिस्पर्ध्याच्या निवडीत ठरतं. व्यावसायिक रिंगकडे वळू पाहणारा तरुण, त्याचा प्रशिक्षक, त्याच्या घरची माणसं आणि पहाटे उठून लढती पाहणारा प्रेक्षक, या सगळ्यांना ही निवड वाचता यायला हवी.

इतर वजनगटांपेक्षा हेवीवेटमध्ये हे काम अवघड आहे. बहुतेक संघटनांच्या नियमांनुसार २०० पौंडांच्या, म्हणजे ९०.७ किलोंच्या वर वजनाला मर्यादाच नाही. शंभर किलोंच्या माणसासमोर दीडशे किलोंचा माणूस कायदेशीरपणे उभा राहू शकतो. शिवाय या गटात एकच ठोसा लढत संपवतो. ताकदवान तरुणासमोर आलेले पहिले दहा-पंधरा जण पहिल्या-दुसऱ्या फेरीत आडवे होतात. त्यातून त्याच्या हातांना सवय होते, पण पायांना, फुप्फुसांना आणि डोक्याला काहीच शिकायला मिळत नाही. हलक्या गटातला मुलगा त्याच काळात कितीतरी वेळा सहा किंवा आठ फेऱ्या पूर्ण लढलेला असतो. म्हणून हेवीवेटच्या प्रगतीचा हिशेब मांडताना आधी फेऱ्या मोजाव्यात आणि मग विजय.

कुस्तीच्या फडात जोड लावताना वस्तादाची नजर लागते. बॉक्सिंगमध्ये हे काम मॅचमेकरचं, पण तो एकटा ठरवत नाही. प्रमोटरला तिकिटं आणि प्रक्षेपणाचा करार सांभाळायचा असतो, मॅनेजरला मोठ्या रकमेच्या लढतीपर्यंत पोहोचायचं असतं, आणि प्रशिक्षकाला मुलाच्या उणिवा दिसत असतात. अपराजित माणूस विकायला सोपा, म्हणून पहिल्या दोघांचा जीव पराभवाच्या रकान्यातल्या शून्यात गुंतलेला असतो. खोलीत प्रशिक्षकाचं म्हणणं सर्वांत कमी ऐकलं जात असेल, तर तरुण बॉक्सरने सावध व्हावं. त्याच्या उणिवा रोज पाहणारा तो एकटाच असतो.

सुरुवातीचा क्रम कसा असावा, हे कॅशियस क्लेच्या, म्हणजे पुढच्या मुहम्मद अलीच्या वाटचालीत स्वच्छ दिसतं. रोम ऑलिंपिकचं सुवर्ण घेऊन आलेल्या क्लेची पहिली व्यावसायिक लढत ऑक्टोबर १९६० मध्ये लुईव्हिलला टनी हनसेकरशी झाली. हनसेकर हा वेस्ट व्हर्जिनियातल्या एका छोट्या गावचा पोलीसप्रमुख. तो सहाही फेऱ्या टिकला, आणि नवख्यासाठी तेच हवं होतं. जून १९६१ मध्ये लास वेगासला साडेसहा फुटी ड्यूक साबेडाँग समोर आला, तेव्हा क्ले पहिल्यांदा दहा फेऱ्या लढला आणि आपल्याहून उंच माणसाशी कसं लढायचं ते शिकला. फेब्रुवारी १९६२ मध्ये सॉनी बँक्सने त्याला पहिल्याच फेरीत खाली बसवलं. तो उठला आणि चौथ्या फेरीत जिंकला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आर्ची मूर आला, वयाने थकलेला पण डोक्याने तल्लख. मार्च १९६३ मध्ये डग जोन्सने त्याला दहा फेऱ्या इतकं झुंजवलं की निकालानंतर प्रेक्षकांनी गोंधळ घातला. जूनमध्ये वेम्बलीला हेन्री कूपरच्या डाव्या हुकने तो पुन्हा पडला आणि पुढच्या फेरीत जिंकला. २५ फेब्रुवारी १९६४ रोजी सॉनी लिस्टनसमोर उभा राहिला तेव्हा त्याच्यामागे १९ लढती होत्या. उंच माणूस, अनुभवी माणूस, भरभर हात चालवणारा माणूस, स्वतः जमिनीवर पडल्याचा अनुभव, पंचांच्या गुणांवर अवलंबून राहण्याची धाकधूक, हे सगळं त्या १९ लढतींत येऊन गेलं होतं. लिस्टन सहाव्या फेरीनंतर स्टूलवरून उठला नाही, यामागे क्लेच्या अलौकिक वेगाइतकीच ही शिस्तशीर तयारीही होती.

माइक टायसनची वाट वेगळी, पण तिच्यामागेही तितकाच विचार होता. मार्च १९८५ मध्ये सुरुवात करून त्याने त्या एका वर्षात १५ लढती केल्या. नावं मोठी नव्हती, पण त्याला सतत लढत ठेवलं गेलं. जिम जेकब्स आणि बिल केटन या मॅनेजरांकडे लढतींच्या चित्रफितींचा प्रचंड संग्रह होता, आणि समोरच्या माणसाचा अभ्यास हा त्यांचा हातखंडा. पहिले एकोणीस जण मुदतीआधी संपले. मग मे १९८६ मध्ये तीन आठवड्यांच्या आत जेम्स टिलिस आणि मिच ग्रीन आले. दोघेही दहा फेऱ्या टिकले. टिलिस सरकत राहिला, ग्रीन मिठी मारून वेळ काढत राहिला. त्यावर नाराजीचे सूर उमटले, पण या वीस फेऱ्या टायसनच्या फार उपयोगाच्या होत्या. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्या फेरीत लोळवून वीस वर्षांचा टायसन जगज्जेता झाला. ती त्याची २८वी लढत होती. कमी वयात मुलाला पुढे न्यायचंच असेल, तर तो वर्षभर कामात हवा आणि मुख्य परीक्षेआधी त्याने न पडणारी माणसं पाहिलेली हवीत.

टिलिसचं नाव पुढेही भेटतं. १९८८ मध्ये हेवीवेटच्या खालच्या क्रूझरवेट गटातले जगज्जेतेपदाचे सगळे पट्टे जिंकून इव्हँडर होलिफिल्ड हेवीवेटमध्ये आला, तेव्हा त्याच्यासमोर पहिला उभा केला गेला तो हाच टिलिस. अशा माणसांना इंग्रजीत गेटकीपर, म्हणजे द्वारपाल, म्हणतात आणि त्यांची किंमत प्रेक्षकांना क्वचितच कळते. असा माणूस जिंकायची शक्यता थोडी, पण त्याला हरवायला काहीतरी यावं लागतं. कॅनडाचा जॉर्ज चुवालो ९३ व्यावसायिक लढतींत एकदाही खाली पडला नाही. १९६६ मध्ये त्याने अलीला पंधरा फेऱ्या लढवलं. जो फ्रेझरने १९६७ मध्ये आणि जॉर्ज फोरमनने १९७० मध्ये त्याला मुदतीआधी थांबवलं, तेव्हा या दोघांच्या ठोशांचं वजन साऱ्या जगाला समजलं. फोरमनला मुरब्बी ग्रेगोरियो पेराल्टाशीही दोनदा लढवलं गेलं. पेराल्टाकडे ताकद कमी आणि कसब जास्त. फेब्रुवारी १९७० मध्ये तो दहाही फेऱ्या टिकला. नुसत्या जोरावर निशाणा सापडत नाही, हे फोरमनला तिथे कळलं.

फ्रेझरच्या माणसांनी घेतलेला धोका तर आज कुणी घेणार नाही. बाराव्याच लढतीत, सप्टेंबर १९६६ मध्ये, त्यांनी त्याला अर्जेंटिनाच्या ऑस्कर बोनाव्हेनासमोर उभं केलं. दुसऱ्या फेरीत फ्रेझर दोनदा पडला. न्यूयॉर्कच्या तेव्हाच्या नियमाने त्याच फेरीत तिसऱ्यांदा पडला असता, तर लढत तिथेच संपली असती. तो सावरला, पुढे येत राहिला आणि विभागलेल्या निकालावर जिंकला. पाच वर्षांनी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अलीला हरवणारा फ्रेझर त्या रात्री बराचसा घडला. तरीही नक्कल करण्याजोगं हे उदाहरण नाही. त्याचा वेग, त्याचा दम आणि त्याची सावरण्याची ताकद प्रशिक्षकांनी सरावात पाहिलेली होती. ती न पाहता असा जुगार खेळणं म्हणजे मुलाच्या जिवाशी खेळणं.

उलट टोकाची दोन उदाहरणं एकाच तारखेला आणि एकाच सभागृहात घडली. ११ मे १९७७ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ३८ विजय आणि शून्य पराभव अशी कामगिरी घेऊन आलेल्या डुएन बोबिकला केन नॉर्टनने ५८ सेकंदांत संपवलं. बरोबर चार वर्षांनी, ११ मे १९८१ रोजी, तिथेच गेरी कूनीने त्याच नॉर्टनला ५४ सेकंदांत संपवलं. नॉर्टन तोवर सदतीस वर्षांचा झाला होता.

कूनीच्या हातात खरी ताकद होती, विशेषतः डाव्या हुकमध्ये. त्याच्या मॅनेजरांनी त्याला मोठी नावं दिली, पण उतरणीला लागलेली: जिमी यंग, रॉन लाइल आणि नॉर्टन. लाइल आणि नॉर्टन दोघेही पहिल्याच फेरीत संपले. म्हणजे मे १९८० नंतरच्या दोन वर्षांत कूनी रिंगमध्ये पुरती सहा मिनिटंही लढलेला नव्हता, आणि नॉर्टननंतरचे तेरा महिने तर तो उतरलाच नाही. ११ जून १९८२ रोजी लास वेगासमध्ये त्याच्यासमोर लॅरी होम्स आला, त्या पिढीतला सर्वांत उत्तम जॅब घेऊन, पंधरा फेऱ्यांच्या लढतीसाठी. कूनी तेराव्या फेरीपर्यंत टिकला हेच त्याच्या जिद्दीचं लक्षण. होम्सच्या जॅबला उत्तर शोधायला त्याला आधी दोन-तीन लांब, कंटाळवाण्या लढती मिळायला हव्या होत्या. त्या त्याला नाकारल्या गेल्या, कारण प्रत्येक लढतीत शून्य जाण्याचा धोका होता आणि होम्सशी लढण्याची किंमत त्या शून्यावर ठरत होती. कूनीला त्या रात्री भरपूर पैसे मिळाले. त्याच्यातला बॉक्सर मात्र अर्धवटच राहिला, आणि याची हळहळ आजही वाटते.

डिऑन्टे वाइल्डरचं प्रकरण यापेक्षा गुंतागुंतीचं आहे. त्याने बॉक्सिंगला सुरुवातच विसाव्या वर्षी केली आणि तिसऱ्या वर्षी, २००८ मध्ये, बीजिंगला ऑलिंपिकचं कांस्य मिळवलं. हौशी अनुभव इतका तुटपुंजा असताना त्याला हळूहळू पुढे आणणं रास्तच होतं. त्याच्या पहिल्या ३२ लढती नॉकआउटने संपल्या आणि त्यातली एकही चौथ्या फेरीपलीकडे गेली नाही. जानेवारी २०१५ मध्ये बर्मेन स्टिव्हर्नकडून त्याने डब्ल्यूबीसी या संघटनेचा जगज्जेतेपदाचा पट्टा पूर्ण बारा फेऱ्या लढून घेतला आणि पुढे दहा वेळा राखला. त्या उजव्या हाताला पट्ट्यापर्यंत नेण्याचं काम त्याच्या माणसांनी चोख केलं. पण मागे सरकावं लागलं तर काय करायचं, जवळच्या झटापटीत वजन अंगावर आलं तर कसं सुटायचं, याचा अभ्यास त्या ३२ लढतींत झाला नव्हता. फेब्रुवारी २०२० मध्ये टायसन फ्युरी पहिल्या घंटेपासून पुढे चालत आला, आणि सातव्या फेरीत वाइल्डरच्या कोपऱ्यातून शरणागतीचा टॉवेल पडला. उशिरा सुरुवात करणाऱ्या मुलाला सोप्या लढती द्याव्यात, पण दहा-बारा लढतींनंतर सहा-आठ फेऱ्या टिकणारी माणसं मुद्दाम शोधून आणावीत, मग नॉकआउटची मालिका तुटली तरी चालेल.

ही चर्चा निव्वळ डावपेचांची नाही. रशियाचा मागोमेद अब्दुसलामोव १८ लढती, १८ विजय आणि १८ नॉकआउट घेऊन २ नोव्हेंबर २०१३ रोजी न्यूयॉर्कमध्ये माइक पेरेझसमोर उतरला. लढत दहा फेऱ्यांची होती. पेरेझ पडला नाही. अब्दुसलामोवचा चेहरा सुरुवातीलाच फुटला, तरी तो दहाही फेऱ्या मार घेत उभा राहिला. त्या रात्री त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला आणि तो कायमचा अपंग झाला. पुढे २०१७ मध्ये न्यूयॉर्क राज्याने त्याच्या कुटुंबाला २.२ कोटी डॉलर देण्याचं मान्य केलं. सगळे विजय झटपट मिळवलेल्या बॉक्सरला पहिल्यांदा न पडणारा माणूस भेटतो, ती रात्र त्याच्या कारकिर्दीतली सर्वांत धोक्याची असते. त्याला स्वतःची मर्यादा माहीत नसते आणि कोपऱ्यातल्या माणसांनीही त्याला अडचणीत पाहिलेलं नसतं. अशा लढतीआधी प्रशिक्षकाने थांबण्याची खूण काय असेल हे ठरवून ठेवावं, आणि घरच्यांनी ते त्याला विचारावं.

खालच्या गटातून वर येणाऱ्यांचा प्रश्न निराळा. त्यांना बॉक्सिंग येत असतं; फक्त वजन पेलता येतं का, ते पाहायचं असतं. होलिफिल्डला टिलिसनंतर पिंकलन थॉमस आणि मायकेल डोक्स हे दोन माजी विजेते दिले गेले, मग सगळ्या लढती नॉकआउटने जिंकलेला अॅलेक्स स्टुअर्ट आला. सहा लढतींनंतर, ऑक्टोबर १९९० मध्ये, त्याने बस्टर डग्लसला तिसऱ्या फेरीत पाडलं. ऑलेक्झांडर उसिकने तर दोनच लढतींत काम भागवलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये चॅझ विदरस्पून, आणि वर्षभराने डेरेक चिसोरा, त्याच्याहून पंधरा किलोंपेक्षा जास्त जड आणि सतत अंगावर येणारा. चिसोराने पहिल्या काही फेऱ्यांत उसिकला दोरांकडे रेटलं. उसिक गुणांवर जिंकला, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे जड माणूस अंगावर आला की किती ऊर्जा जाते, हे त्याला नीट समजलं. पुढच्याच लढतीत, सप्टेंबर २०२१ मध्ये, त्याने अँथनी जोशुआला हरवलं.

पराभवानंतरची निवड हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, आणि त्यासाठी डॅनियल डुबॉइसइतकं बोलकं उदाहरण अलीकडे दुसरं नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये लंडनच्या या २३ वर्षांच्या तरुणाकडे १५ पैकी १५ विजय होते, त्यातले १४ नॉकआउट. जो जॉइस जॅब मारत राहिला, डुबॉइसचा डावा डोळा सुजून बंद झाला आणि दहाव्या फेरीत त्याने गुडघा टेकला. डोळ्याभोवतीचं हाड मोडलेलं होतं, तरी त्याला पळपुटा म्हटलं गेलं. परत आल्यावर आधी त्याला आत्मविश्वास देणाऱ्या सोप्या लढती मिळाल्या. मग डिसेंबर २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा डावखुरा केव्हिन लेरेना आला आणि पहिल्याच फेरीत डुबॉइस तीनदा खाली गेला. तिसऱ्या फेरीत तो जिंकला, पण पहिल्या फेरीने त्याच्या मनातली भीती त्याच्यासमोर मांडली. ऑगस्ट २०२३ मध्ये उसिककडून हरल्यावर पुन्हा टीका झाली. डिसेंबर २०२३ मध्ये दीडशे किलोंचा, उद्दाम बोलणारा जॅरेल मिलर त्याच्यासमोर उभा केला गेला, आणि इथे निवड अचूक होती. मिलर दाबत राहतो, थकवतो, मन मोडायला बघतो. डुबॉइस मागे हटला नाही आणि दहाव्या, शेवटच्या फेरीत त्याने मिलरला थांबवलं. जून २०२४ मध्ये अपराजित फिलिप ह्रगोविचचे सुरुवातीचे जबर उजवे ठोसे सोसून आठव्या फेरीत विजय. आणि २१ सप्टेंबर २०२४ रोजी वेम्बलीत पाचव्या फेरीत जोशुआ चारीमुंड्या चीत.

मिलर आणि ह्रगोविच या दोघांनी डुबॉइसला त्याच्या नेमक्या दुखऱ्या जागी तपासलं: अडचण आली की तो थांबतो का? नाही म्हणायला जुलै २०२५ मध्ये उसिकने त्याला पुन्हा, या वेळी पाचव्या फेरीत, हरवलं, पण ते हरणं पळपुटेपणाचं नव्हतं. क्लिच्कोचंही असंच झालं. प्युरिटीनंतर कॉरी सँडर्स आणि लेमन ब्रूस्टर यांच्याकडूनही तो मुदतीआधी हरला. मग प्रशिक्षक इमॅन्युएल स्टुअर्ड यांनी त्याला अंतर राखायला, दम वाटून वापरायला शिकवलं आणि सप्टेंबर २००५ मध्ये ठोसेबाज सॅम्युएल पीटरशी लढवलं. क्लिच्को तीनदा पडला, तीनदा उठला, गुणांवर जिंकला. पुढच्या वर्षी मिळवलेलं विजेतेपद त्याने सलग १८ वेळा राखलं.

लगेच पुनर्लढत घ्यावी का, हा प्रश्न पराभूत बॉक्सरच्या घरी हमखास निघतो. उत्तर पराभवाच्या कारणात शोधावं. एप्रिल २००१ मध्ये लेनॉक्स लुइस दक्षिण आफ्रिकेत उशिरा पोहोचला, उंचावरच्या विरळ हवेची सवय झाली नाही, वजन वाढलेलं होतं, आणि हसिम रहमानने त्याला पाचव्या फेरीत झोपवलं. तयारीतला दोष तयारीने सुधारतो; सात महिन्यांनी लुइसने रहमानला चौथ्या फेरीत संपवलं. उलट जो जॉइस एप्रिल २०२३ मध्ये चीनच्या डावखुऱ्या झांग झिलेईच्या डाव्या हाताला उत्तर न सापडल्यामुळे हरला. पाच महिन्यांनी त्याच माणसासमोर तो पुन्हा गेला आणि तिसऱ्याच फेरीत पडला. शैलीच आड येत असेल, तर मध्ये एक-दोन वेगळ्या लढती आणि बराच सराव हवा.

दीर्घ विश्रांतीनंतरची परत येण्याची वाट मात्र सोपी आणि लांबच असावी. फोरमन दहा वर्षांनी, मार्च १९८७ मध्ये, १२१ किलो वजन घेऊन परतला, तेव्हा त्याच्या प्रतिस्पर्ध्यांची टर उडवली जायची. १९९१ मध्ये होलिफिल्डसमोर बारा फेऱ्या लढण्याआधी त्याने अशा २४ लढती जिंकल्या, आणि १९९४ मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी मायकेल मूररला पाडून तो पुन्हा जगज्जेता झाला. टायसन फ्युरीने अडीच वर्षांच्या खंडानंतर २०१८ मध्ये सेफर सेफेरी आणि फ्रान्सेस्को पियानेटा या दोनच लढती घेतल्या आणि त्याच डिसेंबरात वाइल्डरशी बरोबरी साधली. इतकी घाई त्याच्या असामान्य कसबामुळेच चालली. खंड पडल्यावर समोर कोण आहे याला किती महत्त्व येतं, हे पणजीत मांडवीच्या पाण्यावर दिसलं. हेवीवेटचा नसला तरी विजेंदर सिंगचा दाखला इथे लागू पडतो: सलग १२ विजयांनंतर सुमारे सोळा महिने न लढलेला विजेंदर मार्च २०२१ मध्ये कॅसिनो जहाजाच्या छतावर त्याच्याहून उंच रशियन आर्टिश लोपसानसमोर उतरला आणि पाचव्या फेरीत हरला. तो त्याचा पहिला व्यावसायिक पराभव.

क्रमवारीचं राजकारणही लक्षात घ्यावं लागतं. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ या चार संघटना आपापले पहिले पंधरा जण ठरवतात, आणि एखादा प्रादेशिक पट्टा जिंकला की त्या यादीत शिरता येतं. त्यामुळे कमी धोक्याचा पट्टा शोधण्याचा मोह होतो. यादीत चढलेला माणूस एक दिवस सक्तीचा आव्हानवीर ठरतो आणि मग समोर कोण येईल हे त्याच्या हातात राहत नाही. तेव्हा वर चढण्याचा वेग शिकण्याच्या वेगापेक्षा जास्त होऊ देऊ नये.

एखाद्या बॉक्सरची कामगिरी वाचताना आकड्यांच्या पुढे जाऊन पाहावं. शेवटच्या पाच प्रतिस्पर्ध्यांपैकी किती जण गेल्या वर्षभरात जिंकले होते? त्यांचं वय काय? त्यांच्यात डावखुरा होता का, त्याच्याहून उंच कुणी होता का? तो आठ फेऱ्यांपलीकडे किती वेळा गेला? शेवटचा खाली पडला तेव्हा काय झालं? मोझेस इटाउमासारखा मुलगा क्वचित येतो. अठराव्या वर्षी व्यावसायिक झालेल्या या ब्रिटिश डावखुऱ्याने ऑगस्ट २०२५ मध्ये अनुभवी डिलियन व्हाइटलाही पहिल्याच फेरीत संपवलं. अशा वेळी लढतींत फेऱ्या मिळतच नाहीत, त्या सरावात ताज्या दमाचे जोडीदार बदलत बदलत भरून काढाव्या लागतात. त्याच्या माणसांनी त्याच्यासाठी आता नावापेक्षा हनुवटी, म्हणजे मार सोसायची ताकद, पाहून माणूस शोधावा.

आणि शेवटच्या क्षणी येणाऱ्या बदली माणसाची दखल घ्यावी. १ जून २०१९ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जोशुआ खरं तर मिलरशी लढायचा होता. मिलर उत्तेजक चाचणीत अपयशी ठरला आणि त्याच्या जागी अँडी रुइझ आला. सराव झालेला एका महाकाय, संथ, पुढे दाबत येणाऱ्या माणसासाठी. समोर आला बुटका, झपाट्याने हात चालवणारा रुइझ. तिसऱ्या फेरीत पडूनही तो उठला आणि सातव्या फेरीपर्यंत त्याने जोशुआला चार वेळा खाली पाडून पट्टे नेले. मोठ्या रात्रीची तिकिटं विकली गेल्यावर नकार देणं जोशुआसारख्यालाही अवघड असतं, नवख्याला तर त्याहून. म्हणून लढतीच्या करारावर सही करण्याआधीच प्रतिस्पर्ध्याचं नाव, फेऱ्यांची संख्या आणि बदली माणूस किती दिवस आधीपर्यंत आणता येईल, हे लेखी घ्यावं. त्याची उंची, वजन आणि डावखुरेपणा पाहून नकार देण्याचा हक्क आहे का, आणि तो वापरल्यास मानधनातलं किती कापलं जाईल, हे वकिलाकडून वाचून घ्यावं.